तिसरी हाक

मीनाडर्ग, डोनेगल
१८ नोव्हेंबर १९७३

प्रिय मॅज आत्या,

तुमची-माझी भेट कधी झालेली नाही. मी नुआला, तुमच्या भावाची, कॉन्डीची एकुलती मुलगी. तुम्ही पाठवलेला तपकिरी कोट घालून गेल्या महिन्यात मी पदवी घेतली. वरून काळा झगा होता, त्यामुळे फोटोत कोटाची नुसती कॉलर दिसते. पण आई सगळ्यांना फोटो दाखवताना सांगते, "आतमध्ये फिलाडेल्फियाचा कोट आहे हं!" ब्रेस्लिनांच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबांनी अभिनंदन केलं ते असं: "आता तुला गाईचं दूध काढायला सांगायचं की विचारायचं?"

पत्राचं कारण वेगळं आहे. इथल्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचं एक मासिक निघतं. त्यात मी ब्रिजिटच्या सणावर लेख लिहिते आहे. संत ब्रिजिटनं आपला शेला पसरला आणि तो सगळ्या माळरानावर पसरत गेला, मरणाऱ्या सरदाराच्या उशाशी बसून तिनं जमिनीवरचे लव्हाळे उचलून क्रूस विणला, या गोष्टी पुस्तकांत आहेत. फेब्रुवारीच्या एक तारखेला तिचा सण आणि आपला वसंत सुरू होतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण आदल्या संध्याकाळी प्रत्येक घराच्या दारात जे चालायचं ते कुठेच नीट लिहिलेलं नाही. ज्यांनी केलं ती माणसं एकेक करून जात आहेत. आपला देश युरोपच्या सामायिक बाजारात सामील झाला, घरात वीज आली, हे चांगलंच झालं. पण आपल्याच उंबरठ्यावर आपण काय म्हणत होतो ते विसरलो, तर शिकून काय मिळवलं, असं मला फार वाटतं.

बाबांना विचारलं, "बाबा, आपल्या घरात ब्रिजिटला आत कसं घ्यायचे?"

"दारातून," बाबा म्हणाले आणि टोपी घालून गोठ्यात गेले.

आई म्हणाली, "त्याला नको विचारूस. मी या घरात आल्यापासून कधी ते झालं नाही. मॅजला विचार. लव्हाळ्यांची जुडी घेऊन बाहेर उभी राहायची ती मॅजच, असं गावातल्या बायका सांगतात."

म्हणून तुम्हाला विचारते. येत्या मार्चमध्ये आम्ही रस्त्याच्या वरच्या अंगाला बांधलेल्या नव्या घरात जाणार आहोत. जुन्या घरात मग गुरं राहतील. त्याआधी, या जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी, जुन्या दारात ते एकदा व्हावं अशी माझी इच्छा आहे. शब्द न् शब्द लिहून पाठवाल का?

तुमची भाची,
नुआला

*

फिलाडेल्फिया
१ डिसेंबर १९७३

नुआला,

तुम्ही-तुम्ही काय लावलंयस? मी काय बिशप आहे? मी तुझ्या बापाची धाकटी बहीण. त्याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडलेली. पुढच्या पत्रात 'तू' आलं नाही तर उत्तर मिळणार नाही.

कोट बसला ना? खांदे कॉन्डीसारखे असतील या अंदाजानं घेतला होता.

आता लिहून घे. लव्हाळे उपटायचे, विळा लावायचा नाही. लोखंड लागलं की ते गुरांच्या अंथरुणाचे, ब्रिजिटचे नाहीत. आपले यायचे खालच्या कुरणातून, ओढ्याच्या अलीकडून. पलीकडचे बुटके. जुडी बांधून अंधार पडायच्या आत दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवायची, हाका होईतो ती आत आणायची नाही. घरातल्या धाकट्या मुलीनं डोक्यावरून शाल घेऊन बाहेर जायचं. आत सगळे गुडघे टेकून बसायचे आणि दार बंद. मग बाहेरून हाक मारायची:

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिटला घरात घ्या!"

आतून सगळ्यांनी म्हणायचं, "येऊ दे तिला, घर तिचंच आहे!"

असं तीनदा. तिसऱ्या हाकेचं उत्तर झाल्यावरच दार उघडायचं, त्याआधी कडीला हात लावायचा नाही. या बाबतीत माझी आई पोपपेक्षा कडक होती. एका वर्षी बाहेर गारा पडत होत्या, मी ओरडले, "आई, दोन चालतील का गं?" तर आतून आवाज आला, "ब्रिजिटला गारा लागत नाहीत!"

जुडी आत आली की टेबलाखाली ठेवायची आणि वर जेवायला बसायचं. कुस्करलेले बटाटे, मधे खळगा, खळग्यात वितळलेलं लोणी. जेवल्यावर क्रूस विणायचे. कॉन्डीचे सगळ्यात सुबक, माझे लंगडे. नवा क्रूस दारावरच्या वाशात खोचायचा, जुना काढायचा नाही. आणि कुंपणावर एक फडकं टाकून ठेवायचं. रात्री ब्रिजिट जाता जाता त्याला हात लावते. मग ते वर्षभर डोकेदुखीला आणि अडलेल्या गाईला.

एक गंमत सांगते, लेखात घालू नकोस. १९३६ ला मी तिसरी हाक मारली, तर सगळ्यांच्या वरचढ कॉन्डीचा आवाज आला, "येऊ दे तिला, पण पाय पुसून येऊ दे!" आईनं त्याला लाकडी डावानं हाणलं. मी बाहेर इतकी हसले की जुडी चिखलात पडली. त्याला म्हटलं, थांब, पुढच्या वर्षी बघते तुझ्याकडे.

तेवढंच मला माहीत. १९३७ च्या वसंतात मी इकडे आले. पुढचं मला विचारू नकोस.

एक मात्र सांग. त्या दाराचा खालचा कोपरा अजून फरशीला घासतो का? हे कॉन्डीला विचारू नकोस. आणि विचारलंसच, तर मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी आत्या,
मॅज

*

मीनाडर्ग
१४ डिसेंबर १९७३

प्रिय मॅज आत्या,

घासतो. तुझं पत्र वाचलं आणि लगेच उठून दार उघडून पाहिलं. फरशीवर कमानीसारखा पांढरा ओरखडा आहे. इतकी वर्षं त्यावरून चालले, पण कधी बघितला नव्हता.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. असं कुणी सांगत नाही गं. पुस्तकात नुसतं 'ही प्रथा होती' एवढंच असतं.

आता माझा शोध ऐक. सामान हलवायचं म्हणून मी आणि आईनं पोटमाळा आवरायला घेतला. दारावरच्या वाशांत आणि गवताच्या छपरात खोचलेले क्रूस मी एकेक करून हळूच काढले. चव्वेचाळीस! टेबलावर ओळीनं मांडले. सगळ्यात जुना काजळीनं डांबरासारखा झालाय, शेवटचा नुसता तांबूस. शेवटच्या काहींचे हात इतके सारखे आहेत की ते बाबांचेच असणार. एक लंगडा पण सापडला. तो कुणाचा ते मी सांगत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या सगळ्यांपासून लांब, गोठ्याकडच्या भिंतीतल्या झरोक्यापाशी, एक न विणलेली जुडी होती. अख्खी. लव्हाळे वाळून इतके ठिसूळ झालेत की हात लावला की भुगा होतो. तिला निळ्या चौकड्यांच्या कापडाची पट्टी बांधलेली आहे. मला वाटतं ही फार दुर्मिळ गोष्ट असावी. ज्या वर्षी घरात मृत्यू झाला असेल त्या वर्षी लव्हाळे न विणता ब्रिजिटला तसेच अर्पण करायचे, आणि कुंपणावर टाकलेल्या फडक्याचीच पट्टी फाडून बांधायची, असा काहीतरी रिवाज असणार. मी चार पानं लिहिली आहेत, तळटीपांसकट. गॉलवेच्या माझ्या प्राध्यापकांनीही लिहिलंय की असं आधी कुणी नोंदवलेलं नाही. लेख मी जानेवारीच्या मध्याला पाठवणार आहे.

बाबांचं मात्र काही कळलं नाही. मी जुडी दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरत होते. बाबा चुलीपाशी होते. वर बघून म्हणाले, "कुठे नेतेस?"

"टेबलावर. उजेडात बघायचीय."

"ती खाली आणायची नाही."

"का?"

"होती तिथं ठेव, नुआला."

माझं नाव ते रागावल्याशिवाय घेत नाहीत, पण रागावलेले नव्हते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आई म्हणाली, "तुझ्या चार वर्षांच्या कॉलेजात 'माणूस गप्प असेल तर गप्प बसावं' एवढं नाही शिकवलं?" मला वाटतं, बाबांच्या मनात जुनी भीती आहे. अशा भीतीतूनच या प्रथा टिकतात आणि त्यातूनच मरतात.

दारातल्या हाकांचं विचारलं, तर म्हणाले, "जो नव्या घरात जाईल त्यानं नव्या घरात काय ते करावं." तू त्यांना चार ओळी लिहिशील का? तुझं ते ऐकतील.

तुझी,
नुआला

*

फिलाडेल्फिया
२७ डिसेंबर १९७३

नुआला,

ती चार पानं चुलीत घाल.

मासिकाला पाठवली असशील तर परत मागव. घरात कुणी मेलं नव्हतं. कसलं अर्पण नाही आणि कसला रिवाज नाही. ती पट्टी माझ्या एप्रनची नाडी आहे. जुडी बांधायला दोरी सापडेना म्हणून मी तोडली.

मी तुला खोटं नाही बोलले, पण पूर्णही सांगितलं नाही. १९३७ चा 'वसंत' म्हणाले ना? तो वसंताचा पहिला दिवसही नव्हता. त्याची आदली संध्याकाळ होती.

माझ्या दोन थोरल्या बहिणी माझ्याआधी अमेरिकेला गेल्या. जाणाऱ्याच्या आदल्या दिवशी घरात माणसं जमायची. मेलेल्या माणसाजवळ बसतात तशी बसायची, आणि सकाळ झाली की बायका जिवंत पोरीसाठी हंबरडा फोडायच्या. दोन्ही वेळा आई महिना-महिना अंथरुणाला खिळली. माझं तिकीट आलंय हे घरात माहीत होतं. आई धरून चालली होती की एप्रिल असेल. तारीख मी कुणाला सांगितली नाही. अठरा वर्षांची होते, मला वाटलं मी आईवर दया करतेय. बॅग दुपारीच जळणाच्या पीटच्या छपरीत लपवली. अंड्यांचा ट्रक संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून डेरी बंदराला जायचा. घरातले सगळे गुडघ्यावर असतील आणि मी दाराबाहेर असेन, अशी वर्षातली ती एकच वेळ होती.

मी पहिली हाक मारली. आतून तिघांचे आवाज आले. बाबा, कॉन्डी आणि सगळ्यांच्या वर आई. "येऊ दे तिला, घर तिचंच आहे!" नुआला, त्यानंतर माझ्या तोंडून दुसरी हाक निघेना. जुडी पायरीवर ठेवली. अंगणात दहिवर गोठलं होतं, प्रत्येक पाऊल काचेवर टाकल्यासारखं वाजत होतं. ते आत ऐकू गेलं नसेल असं शक्य नाही.

गल्लीच्या तोंडाशी दगडी भिंत आहे ना, तिथं मी थांबले. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मी म्हटलं, शंभर मोजते. दार उघडलं तर जात नाही. देवाशपथ, गेले नसते. शंभर झाले. मग परत शंभर मोजले. दाराखालची उजेडाची फट तेवढी दिसत होती. दार काही उघडलं नाही.

मग मला कळलं. पावलं ऐकली, समजले, आणि 'जाते तर जाऊ दे' म्हणाले.

नंतर आईची पत्रं यायची, मास्तरांच्या अक्षरात. सगळे खुशाल, तांबडी व्याली, बटाटे बरे आले. त्या संध्याकाळचं एक अक्षर नाही. मी पण कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हाही कॉन्डीनं तारेत पाचच शब्द पाठवले. लग्न केलं, नवरा गेला, आज सतरा वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचे बटाटे कुस्करते. मधे खळगा कधी करत नाही.

हे वाच आणि जाळ. कॉन्डीला सांगू नकोस. त्याला जे ठाऊक आहे तेच तू त्याला काय सांगणार?

मॅज

*

मीनाडर्ग
९ जानेवारी १९७४

प्रिय मॅज आत्या,

तू जाळायला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एकच जाळली. चार पानं जाळली. तुझं पत्र नाही जाळलं.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. माझ्यावर रागव, पण आधी पुढचं वाच. तू लिहिलंस, 'त्याला ठाऊक आहे.' त्या रात्री मला झोप आली नाही. ती जुडी धरून मी जिना उतरत होते तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता ते मी बघितलंय. 'जाऊ दे' म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. कागदावरून चुकीचा अर्थ काढायची चूक मी एकदा केली होती, दुसऱ्यांदा करायची नव्हती.

सकाळी चहाच्या वेळी वाचलं. आई उभ्याउभ्या ऐकत होती. शंभर मोजल्याचं आलं तसे बाबा म्हणाले, "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"भिंतीपाशी होती?"

"हो, बाबा."

"किती वेळ?"

"दोनदा शंभर मोजेपर्यंत."

त्यांनी कप खाली ठेवला. मग जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. मी आधी मनात नोंद केली आणि मग लगेच वर जाऊन उतरवून काढली.

"पावलं ऐकली ना! मी अर्धा उठलो होतो. आईनं मनगट धरलं. म्हणाली, 'खाली बस. दोन हाका राहिल्यात.' मी म्हटलं, 'ती गेली कुठेतरी.' तर आई हसायला लागली. 'गेल्या वर्षी तू पाय पुसायला सांगितलंस ना? आता ती तुला गुडघ्यावर ताटकळत ठेवणार. भोग!' बाबा पण हसले. मी पण. भोंगा वाजला, तर मी म्हटलं, अंड्यांचा ट्रक आज उशिरा आला. आम्ही तिघं गुडघ्यावर बसून हसत होतो, नुआला. तिनं दोनशे मोजले तोवर आम्ही हसत होतो."

आत्या, दार तुझ्यावर बंद नव्हतं. ते तुझ्या तिसऱ्या हाकेची वाट बघत होते.

शेवटी आजोबांनीच दार उघडलं. पायरीवर जुडी. पुलाच्या चढावर ट्रकचा लाल दिवा. बाबा मोज्यांवर पुलापर्यंत धावले. परत आले तेव्हा आजी अजून गुडघ्यावरच होती. बटाटे गार झाले होते. आजीनं ती जुडी दारातून आत आणू दिली नाही. शिडी लावून गोठ्याकडच्या झरोक्यातून पोटमाळ्यावर ठेवायला लावली. म्हणाली, "जिनं आणली तीच दारातून आत आणेल. तोवर दुसरी जुडी या घरात यायची नाही." म्हणून चव्वेचाळीसच्या पुढे क्रूस नाही. मरेपर्यंत त्या संध्याकाळी आजी कडी घालू द्यायची नाही. मी पाच-सहा वर्षांची असेन. थंडी यायची म्हणून मी कुरकुरायचे, एवढं मला आठवतं.

मी विचारलं, "बाबा, हे तुम्ही आत्याला कधी लिहिलं का नाही?"

"काय लिहू? की मी हसत होतो?"

आईनं त्यांच्यापुढचा गार चहा उचलला, ओतून टाकला आणि नवा ठेवला. एवढंच म्हणाली, "छत्तीस वर्षं! तुम्हा ब्रेस्लिनांना बोलायला सरकारनं परवाने ठेवलेत का?"

मी रविवारी वेक्सफर्डला जाते आहे. तिथं रजेवर गेलेल्या एका शिक्षिकेच्या जागी मला जूनपर्यंत काम मिळालंय. त्यामुळे एकतीस तारखेला मी घरी नसेन. म्हणजे बाहेर उभं राहायला घरात मुलगीच नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, हे तुला कळलं असेलच.

तुझी,
नुआला

*

मीनाडर्ग
१० जानेवारी १९७४

मॅज,

पोरीनं पत्र वाचून दाखवलं.

एक हाक झाली आहे. दोन राहिल्या आहेत.

दार अजून घासतं. मार्चनंतर तिथं गुरं असतील.

लव्हाळे मी उपटून ठेवतो. ओढ्याच्या अलीकडचे.

कॉन्डी

*

वेक्सफर्ड
२६ जानेवारी १९७४

प्रिय मॅज आत्या,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आईला लिहिलं तर तिचं उत्तर आलं: 'बाबा बरे आहेत. लाल गाय बरी आहे. पत्र नाही.' बाबांनी तुला काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही, पाकीट डिंकानं दोनदा चिकटवलं होतं.

मी चुकले असेन. जाळ म्हणालीस ते मी जाळलं नाही. मला वाटलं होतं की खरं काय ते दोघांनाही कळलं तर सगळं सरळ होईल. आता कळतं की छत्तीस वर्षं ज्या समजुतीवर माणूस उभा राहिला ती खोटी निघाली तर त्याला पाय ठेवायला दुसरी जागा शोधावी लागत असेल. 'त्यांनीच जाऊ दिलं' या समजुतीवर तू स्वतःला दोषातून सोडवलं होतंस, आणि मी येऊन सांगितलं की आजी गुडघ्यावर हसत तुझी वाट बघत होती. हे तुला जड गेलं असेल तर मला माफ कर.

इथल्या वर्गात मी मुलींना हाक आणि उत्तर शिकवलं. अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत. शेजारच्या वर्गातल्या नन तक्रार करायला आल्या आणि आतल्या बाजूला गुडघे टेकून बसल्या.

दोन ओळी तरी लिही.

नुआला

*

मीनाडर्ग
१ फेब्रुवारी १९७४

नुआला,

पत्ता परत वाच. हो, तिथूनच.

तू मला फिलाडेल्फियाला लिहिलंस असं तुझी आई, सॅली, सांगते. ते पत्र माझ्या पेटीत पडून असेल. त्यात माफी मागितली असशील, तू त्यातलीच दिसतेस. नको मागूस. कॉन्डीच्या चार ओळी आल्या त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होते. ते तसेच सोडून मुख्याध्यापकांकडे गेले आणि रजा मागितली. ते म्हणाले, "कुणी आजारी आहे का?" म्हटलं, "नाही. लोक गुडघ्यावर बसलेत."

बुधवारी बसनं उतरले. कॉन्डी पुलावर उभा होता. म्हातारा झालाय, मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "उशीर केलास." मी म्हटलं, "बस उशिरा आली." मग माझी बॅग उचलून पुढे चालायला लागला. गल्लीच्या तोंडाशी, त्या भिंतीपाशी थांबला आणि तिथून दाराकडे बघितलं. "इथून?" म्हणाला. मी मान डोलावली. एवढंच आमचं बोलणं. तुझी आई म्हणते ती परवान्याची गोष्ट खरी आहे.

काल दुपारी त्यानं शिडी लावली, आईनं ठेवायला लावलेली जुडी झरोक्यातूनच बाहेर काढली, नुकतंच जन्मलेलं मूल आणावं तशी, आणि भिंतीला टेकवून ठेवली. शेजारी ताजी जुडी. अंधार पडायला लागला तशी मी सॅलीची शाल घेऊन बाहेर गेले. आतून कॉन्डी ओरडला, "पहिली झालेली आहे हं! दुसरीपासून सुरू कर!"

दार बंद झालं. खाली तीच फट, तोच उजेड. फक्त आता विजेचा. दहिवर गोठलेलं होतं. दोन्ही जुड्या कवटाळून मी उभी राहिले. मला वाटलं आवाज निघणार नाही, पण निघाला.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिटला घरात घ्या!"

"येऊ दे तिला, घर तिचंच आहे!" कॉन्डीचा आवाज, आणि मागून सॅलीचा, तिला शब्द नवे म्हणून अर्ध्या पावलानं उशिरा. वर आईचा आवाज नव्हता. त्याची जागा कानाला कळली.

मी तिसरीसाठी श्वास घेतला, तेवढ्यात कडी वाजली. दार घासत उघडलं. कॉन्डी समोर, एक गुडघा अजून धुळीनं पांढरा.

मी म्हटलं, "अरे, तिसरी राहिली की!"

"राहू दे," तो म्हणाला. "मागच्या वेळी थांबलो होतो."

मी पाऊल उचललं तर म्हणतो कसा, "पाय पुसून ये."

सॅलीनं त्याला डावानं हाणलं. मी सांगितलं नव्हतं तरी.

जुनी जुडी टेबलाखाली ठेवली तिथंच तिचा निम्मा भुगा झाला. जेवण झाल्यावर कॉन्डीनं ताज्या लव्हाळ्यांचा क्रूस विणला आणि चार टोकं बांधायला माझ्या एप्रनची नाडी फाडली. पंचेचाळिसावा. रात्री तो इथल्याच वाशात होता. आज सकाळी त्यानं तो नव्या घरात नेला. तिथं वासे कुठले? कोऱ्या भिंतीत सरळ खिळा ठोकला, ओंजळभर गिलावा खाली आला, आणि सॅली त्याच्याशी आता बोलत नाही. तोही बोलत नाही, पण ते रोजचंच.

कुंपणावर फडकं टाकलं होतं. त्याचा तुकडा पाठवते. शिकवून डोकं दुखलं की बांध.

शाळेची रजा ईस्टरपर्यंत आहे. पण बटाटे कुस्करणारी त्यांना दुसरी मिळेल. सॅली म्हणते, नव्या घरात एक खोली जास्तीची आहे आणि तिला उत्तर देणारं कुणीतरी हवंय.

मासिकासाठी लिहिणार असशील तर मी पहिल्यांदा लिहिलं तेच लिही: तीन हाका, आणि तिसऱ्यानंतर दार. नियम तोच. काल काय झालं ते घालू नकोस.

तिसरी हाक तशीच राहिली आहे. ती तुझी. पुढच्या वर्षी एकतीस तारखेला रजा काढ, नव्या दाराबाहेर तू उभी राहा. मी आत असेन, गुडघ्यावर, जमतील तितके टेकून. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबेन, असं मात्र सांगत नाही.

तुझी आत्या,
मॅज